आदी तुमी, दाजी!

आमच्या साडूंना दमलेलं पाहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी स्वतः तेरा वर्षं त्यासाठी टपून बसलोय. लग्नाकार्यात, सासऱ्यांच्या विहिरीतला गाळ उपसताना, मेहुण्याच्या नव्या घराच्या स्लॅबला पाट्या चढवताना, एकदा तरी हा माणूस कमरेवर हात ठेवून ‘हुश्श’ म्हणेल अशी मला फार आशा होती. ते हुश्श म्हणत नाहीत. उलट मी म्हटलं की पाण्याचा तांब्या घेऊन धावत येतात. त्यांचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण नाव कळलं की लोक जाऊन त्यांना भेटतात आणि मग त्यांचीच बाजू घेतात. माझी बायको थोरली आणि त्यांची धाकटी, म्हणून मी थोरला साडू आणि ते धाकटे. वयानं ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत, पण मेहुणी मला दाजी म्हणते म्हणून तेही दाजीच म्हणतात. मीही त्यांना ‘पाव्हणं’ म्हणतो, अहोजाहो करतो. अरेतुरे करायचं ते मनातल्या मनात करतो, आणि भरपूर करतो.

ते मूळचे सांगोल्याकडचे. लहानपण मेंढरांमागं गेलं, पुढं रेल्वेत लागले आणि कुर्डुवाडीला राहायला आले. काम काय, तर सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळांवरून चालत सुटायचं, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तिथं ठोकून बसवायच्या, हद्द संपली की वळायचं आणि दुसऱ्या रुळानं परत यायचं. ऊन असो, पाऊस असो, सासऱ्यांच्या घरचं कार्य सोडून बाकी काहीही असो. मी सोलापुरात एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. म्हणजे डोंगर, दऱ्या, खिंडी, पठारं हे सगळं मी खुर्चीवर बसून पार केलेलं आहे. माझं वजन भूगोलाच्या मास्तराला शोभेल इतकं आहे, आणि ते दोन वेळेला मिळून आठ भाकरी, वाटीभर शेंगाची चटणी आणि वर ताकाचा तांब्या रिचवूनसुद्धा अंगानं रुळासारखे सरळ आहेत. मी दीड भाकरी खातो. ती दीड भाकरी कुठं जाते, हे माझा शर्ट सांगतो. सांगा, याला न्याय म्हणायचं का?

पण त्यांचं खाणं, त्यांचं चालणं हे मी एक वेळ सोसलं असतं. मला पुरतं आडवं केलंय ते त्यांच्या मान देण्यानं. आमच्या सासुरवाडीला, मोहोळच्या अलीकडं, थोरल्या जावयाचा मान फार. पाट थोरल्याला आधी, गंध थोरल्याला आधी, पहिला घास थोरल्याचा. बाकीचे जावई एवढं सणासुदीला पाळतात. आमच्या साडूंनी मात्र ते नोकरीसारखं अंगावर घेतलंय. मी बसल्याशिवाय बसायचं नाही, मी हात धुतल्याशिवाय धुवायचा नाही, कुठल्याही दारातून माझ्या आधी आत जायचं नाही. दवाखान्याच्या दारात, बँकेच्या दारात, एकदा तर सार्वजनिक मुतारीच्या दारातसुद्धा, हात पुढं करून, मान लववून, “आदी तुमी, दाजी!” लोक बघत राहतात. मी गेल्याशिवाय मागची रांग हलत नाही.

यावरून एसटीचा प्रसंग सांगायलाच हवा, कारण माझ्या मत्सराचं मूळ तिथं आहे. दोघं मिळून सासुरवाडीला निघालो होतो. सोलापूरच्या स्टँडवर गाडी लागली, गर्दी उसळली, मी रेटारेटी करून चढलो. हे खाली उभे. मी वळून म्हटलं, “या की वर!” तर म्हणतात, “तुमी बसा आदी, मग येतो.” मला जागा मिळेपर्यंत ते फुटबोर्डाला शिवले नाहीत. तेवढ्यात कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गाडी सुटली. मी आतून ओरडतोय, कंडक्टर माझ्यावर ओरडतोय. त्यात सिग्नल लागले, एक उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, शहराबाहेर बाळे गावच्या थांब्याला गाडी थांबली, आणि दारातून डाळिंबांची पिशवी आधी वर आली. तिच्यामागून हे. शहर ओलांडून पळत आले होते, हातात पाच किलो डाळिंबं! धाप नाही, घाम नाही. माझ्याजवळ येऊन विचारतात काय, तर “जागा घावली का दाजी, बसाय?” त्या दिवसापासून सासरे कुणीही नवं माणूस आलं की ही गोष्ट सांगतात. गोष्टीत मी आहे, नाही असं नाही. मी बसलेला आहे.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी साखर बघितली आणि पळा म्हणाले. मी पळायला लागलो. नुसता पळत नव्हतो, शास्त्रोक्त पळत होतो. बूट घेतले, घड्याळ घेतलं, पळताना खायची गोड चिकट पाकिटं मागवली, कंबर तलावाच्या काठी सकाळी जमणाऱ्या मंडळींत नाव घातलं. रोज घामेजलेला फोटो स्टेटसला टाकायचो. एकदा बायको म्हणाली, “कुर्डुवाडीहून फोन होता. पाव्हण्यांनी तुमचं स्टेटस बघितलं म्हणे. काळजीनं विचारत होते, दाजींच्या मागं कुत्रं लागलंय का म्हणून.” ती हसली नाही. तिनं हसू आवरलं, त्याचा मला जास्त राग आला.

एकदा ते आमच्याकडं मुक्कामाला आले तेव्हा मी मुद्दाम त्यांना तलावावर नेलं. म्हटलं, बघू दे जरा. मी पळत होतो आणि ते बाजूनं नुसते झपाझप चालत होते, तरी बाजूला होतेच. शेवटी घड्याळ दाखवून मी म्हटलं, “बघा, पाच किलोमीटर!” त्यांनी एकदा मागं बघितलं, ओठांत काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, “न्हाय दाजी. साडेपाच भरतंय.” रुळाखालच्या स्लीपरांवर पाय टाकून टाकून त्यांचं पाऊल ठरून गेलंय, ते पावलं मोजतात. मी उपग्रहाबद्दल त्यांना एक छोटं व्याख्यान दिलं. घरी येऊन बघतो तर मधे लेस बांधायला थांबलो तेव्हा घड्याळ बंद केलं होतं आणि ते वेळेवर चालू करायला विसरलो होतो. म्हणजे माझ्याच पदरात त्यांनी अर्धा किलोमीटर जास्तीचा घातला होता. मला तो नको होता हो! मला फक्त ते एकदा चुकलेले हवे होते.

गेल्या दसऱ्याला सासुरवाडीला सगळे जमलेलो असताना माझी जीभ वळवळली. तुळजापूरकडच्या डोंगरांत दिवाळीआधीच्या रविवारी हाफ मॅरेथॉन होती आणि मी तिच्यात नाव घातलं होतं. एकवीस किलोमीटर, सगळा चढउतार. हे मी सासऱ्यांना नकाशा काढून समजावून सांगितलं. सोलापूर म्हणजे तवा, तिथं पळणं वेगळं. बालाघाटाच्या रांगेत पळायचं म्हणजे छातीत दम पाहिजे. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग धाकट्यांनाबी घेऊन जावा की.” साडूंनी फक्त एक शंका विचारली, “हाफ का ओ? फुल्ल न्हाय का तितं?” फॉर्म मलाच भरावा लागला. पण फॉर्म भरता भरता माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. त्यांना सराव नव्हता, बूट नव्हते, डोंगराची सवय नव्हती. मी पंधरा दिवस घाम गाळणार होतो. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, मला या माणसाच्या आधी कुठंतरी पोचायचं होतं. तेही त्यांनी मान दिला म्हणून नाही, तर माझ्या पायांनी.

शर्यतीच्या सकाळी हवेत गारवा होता. कुसळी गवत पिवळं पडलं होतं, घाटाच्या कडेला बाया सीताफळांच्या पाट्या मांडत होत्या. माझ्या अंगावर सगळा सरंजाम. साडू रेल्वेचे कॅनव्हासचे बूट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि पांढरी टोपी घालून आले होते. छातीवरचा नंबर त्यांनी पाठीवर लावला होता. कारण विचारलं तर म्हणाले, “म्होरं लावून काय करू? मला काय मी दिसतो व्हय?” स्वयंसेवक मुलीनं तो काढून नीट लावून दिला. मी तिला माझी ती गोड चिकट पाकिटं दाखवत होतो, ती त्यांच्याशीच बोलत होती. मग सुरुवातीच्या रेषेपाशी ते माझ्या मागं जाऊन उभे राहिले. माझं डोकंच फिरलं. “हे बघा पाव्हणं,” मी म्हटलं, “इथं मान-बिन काही नाही. ही शर्यत आहे. माझ्यासाठी थांबायचं नाही, मागं राहायचं नाही. पळायचं आपापलं. कळलं?”

“बरं,” ते म्हणाले, आणि शिट्टी झाल्यावर दिसेनासे झाले.

पुढचे सव्वादोन तास मी जे भोगलं त्याचं वर्णन भूगोलात नाही. चढाचे अंश मला तोंडपाठ होते, पण त्याचा गुडघ्यांना काही उपयोग झाला नाही. एका पाण्याच्या टेबलापाशी मी सहज विचारावं तसं विचारलं, पांढऱ्या टोपीवाले गेले का पुढं? तिथली बाई म्हणाली, “ते काका होय? मघाच गेले. पाणी नको म्हणाले, मलाच विचारलं जेवलीस का म्हणून.” माझी उरलीसुरली ताकद त्या वाक्यानं गेली. एक पोट सुटलेले गृहस्थ मला मागं टाकून गेले, दोन शाळकरी मुली गप्पा मारत मागं टाकून गेल्या. मी ते पाकीट फोडलं, अर्धं हनुवटीला लागलं. खोटं कशाला सांगू, त्या चढावर मी देवीला साडूंच्या पायात गोळा येऊ दे असं मागितलं. फार मोठा नको, मधला.

आणि देवीनं ऐकलं! शेवटचे चार किलोमीटर राहिले असतील. एका वळणावर, कठड्यावर, सीताफळांच्या पाटीशेजारी पाठमोरी पांढरी टोपी! निवांत बसून बिया थुंकणं चाललं होतं. दम संपला होता, की मोह झाला होता, की गोळा आला होता, मला कशाशी देणंघेणं नव्हतं. मी एका टेम्पोच्या आडोशानं, बुटांचा आवाज न करता, चवड्यांवर पुढं सटकलो. मागं वळून बघायची हिंमत नव्हती. वळण पार झालं आणि माझ्या पायांत कुणीतरी नवं सामान भरलं. दोन शाळकरी मुली मागं टाकल्या. पोटवाल्या गृहस्थांना मागं टाकलं. मनात मी केव्हाच सासुरवाडीला पोचलो होतो. पडवीत बसलोय, सासरे म्हणतायत, मग धाकटे किती वेळानं आले? आणि मी मोठ्या मनानं म्हणतोय, जाऊ द्या हो, सवय नाही त्यांना. शेवटचा चढ मी हसत चढलो. हो, हसत. छाती फुटायला आली होती तरी दात आत जात नव्हते.

चढ संपला, वळण आलं, समोर कमान दिसली. झेंडूच्या माळा सोडलेल्या, दोन्ही बाजूला खांब, आत पोरी ताटं आणि पदकं घेऊन उभ्या. खाली जमिनीवर काळी पट्टी, तिच्यावर पाय पडला की वेळेची नोंद व्हायची. आणि पट्टीच्या अलीकडं, बरोब्बर एक पाऊल अलीकडं, हाताची घडी घालून आमचे साडू उभे.

मी जागच्या जागी थिजलोच. सीताफळवाला कुणी दुसराच गावकरी होता. हे पाऊण तासापूर्वी आले होते. त्यांच्या वयोगटात पहिल्या तिघांत आले होते आणि पट्टीपाशी येऊन ब्रेक लावल्यासारखे थांबले होते. लाउडस्पीकरवरचा माणूस घसा बसेपर्यंत ओरडला होता, “काका, एक पाऊल! फक्त एक पाऊल!” डॉक्टर येऊन नाडी बघून गेले होते, ऊन लागून माणसाला भ्रम होतो म्हणून. नाडी उत्तम निघाली. त्यांचं सगळ्यांना एकच उत्तर, “थोरलं यायचंत अजून.”

“अहो, सांगितलं होतं ना थांबायचं नाही म्हणून!” मी किंचाळलो.

“पळाय सांगितलं, पळालो की,” ते शांतपणे म्हणाले. “आत जायाचं कुटं बोलला तुमी? कमान हाय ही. माळा सोडल्यात, पोरी ताटं घिऊन हुब्या हायत्या. थोरलं मागं असताना धाकट्यानं आत जायाचं व्हय?”

“तुमचं बक्षीस गेलं!”

“ते हाय हितंच कुटंतरी. आदी तुमी, दाजी!” आणि हात पुढं केला, मान लववली.

मी त्यांचा दंड धरून ओढला. रूळ ओढून हलतो का? मी मागं जाऊन ढकललं. मी म्हटलं, तुम्ही गेल्याशिवाय मी जात नाही. ते म्हणाले, मग बसू दोघंबी. लोक जमले, टाळ्या पिटायला लागले. लाउडस्पीकरवाला ओरडायला लागला, तीन तास व्हायला आले, तीन तासांनंतर पदक नाही, काका लोक, काहीतरी ठरवा! पोटवाले गृहस्थ आमच्यामधून वाट काढत आत गेले आणि माझ्याकडं असं बघून गेले की विचारू नका. शेवटी मी डोळे मिटून पाऊल टाकलं. माझ्यामागं दुसरं पाऊल पडलं. वळून बघतो तर हे माझ्या पायाशी वाकलेले. तो फोटो सगळीकडं फिरला.

निकाल तासाभरात मोबाइलवर आला. माझं नाव वर, त्यांचं खाली, एका सेकंदाचा फरक. आता हे लिहायला लाज वाटते, पण मी तो निकाल सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. काही न लिहिता, नुसताच टाकला. कोण पुढं, कोण मागं, ज्यानं त्यानं वाचावं. सासऱ्यांचा आवाजातला निरोप आला. मी कोपऱ्यात जाऊन ऐकला. “थोरले, फोटू बगितला. धाकटं थांबलं म्हनं तुमच्यापायी. डोळ्यात पानी आलं बगा.” मी मोबाइल खिशात टाकला. साडू तिकडं पोरींच्या ताटांतल्या उरलेल्या केळ्यांचं वाटप करत होते.

परतीच्या एसटीत ते माझ्याशेजारी बसले. अर्थात मी बसल्यावर. माझे पाय लाकडासारखे झाले होते, त्यांनी न विचारता माझी पोटरी मांडीवर घेऊन दाबायला सुरुवात केली. मी नको म्हणालो नाही, फार बरं वाटत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “पाऊण तास उभं राहून कंटाळा नाही आला?”

“छ्या! माणसं बगत हुतो की. त्या वळनावरनं एकेक माणूस येतंय. कोन रडतंय, कोन शिव्या देतंय, कोन देवाचं नाव घेतंय.” ते अंगठ्यानं पोटरीतली गाठ शोधत होते. मग म्हणाले, “पर दाजी, तुमच्यासारखं एकबी न्हाय आलं. हसत आला तुमी. लांबनं दिसलं मला, सगळं दात दिसत हुतं. तुमच्या लग्नाच्या फोटूतबी तुमी असं हसल्यालं न्हाय. मला लई ग्वाड वाटलं. म्हनलं, मी हुबा दिसल्यावर ह्या माणसाला केवढा आनंद झालाय.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर तुरीची रानं पळत होती. ते आपले पोटरी दाबत राहिले. सोलापूर येईपर्यंत दाबत होते.

खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कुर्डुवाडीला ते येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या त्या हसण्याबद्दल सांगतात, असं मेहुणी म्हणते. त्यांना दम लागत नाही, याचा मला पूर्वी हेवा वाटायचा. आता हेवा वाटतो तो याचा, की तो पाऊण तास त्यांनी वळणाकडं बघत काढला आणि मी दिसल्यावर त्यांना बरं वाटलं. माझ्या मनात काय होतं हे त्यांना स्वप्नातसुद्धा सुचणार नाही. या वर्षीही दोघांची नावं मी घातली आहेत. पाय आता बरे चालतात, चढाचीही थोडी सवय झालीय. त्या वळणावरून ते उभे दिसले, तर मला खरोखरच आनंद व्हावा एवढंच राहिलंय. ते जमेल की नाही, सांगता येत नाही. पण तलावाला फेऱ्या मारताना, कुणी बघत नसलं की, मी थोडा हसून बघतो.